आत्याची साडी आणि पुलाची भेग

मंडळी, सकाळच्या भूकंपात घर वाचलं, पण नदीवरच्या पुलाची भेग फाकली आणि पूल बंद झाला.

दुपारी पलीकडच्या गावातली माझी आत्या गेली. बाईला शेवटची साडी माहेरची लागते, म्हणून वडील साडी घेऊन निघाले, मीही सोबत. पुलावरच्या पोलिसाला त्यांनी हात जोडले, "चालत तरी जाऊ द्या राव, बहीण हाय माझी."

"न्हाई काका, पूल कधीबी बसंल."

ओझरकडून वळसा घेतला, तर सगळ्या गाड्या त्याच रस्त्याला. सासरच्यांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. आम्ही पोचलो, तेव्हा चिता पेटली होती. साडी पिशवीतच राहिली.

त्याच भेगेत उगवलेल्या पिंपळाचा फोटो मी मागं इथंच टाकला होता. तुम्ही सगळ्यांनी 'लई भारी' म्हटलं होतं. भेग आपल्यापैकी एकालाही कशी दिसली नाही?