जोगव्याचं पाचवं घर

आमच्या माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विस्मरणाचा आजार जडला तेव्हा देवीपुढे उभी राहून मी जे मागितलं, ते सांगायला आजही संकोच वाटतो. त्या बऱ्या व्हाव्यात असं मी मागितलं नव्हतं. आजार मागे फिरणारा नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि जे होणार नाही त्यात वेळ घालवणं माझ्या स्वभावात नाही. मी एवढंच मागितलं, की माईंनी एकदा तरी नंदाच्या ऐवजी माझं नाव घ्यावं. देवीनं ते ऐकलं नाही, आणि आपली भक्तीच कुठेतरी कमी पडते की देवीलाही धाकटीच आवडते, असले विचार माझ्या मनात येऊ लागले.

नंदा माझी धाकटी जाऊ. आमचं तेलुगू राज्य दुभंगून दोन राज्यं झाली तेव्हा कार्यालयं, फायली, खुर्च्या, माणसं, सगळ्यांचीच वाटणी झाली. दिरांचं कार्यालय विजयवाड्याला गेलं, त्यांच्या मागोमाग नंदा गेली, आणि माई माझ्या वाट्याला आल्या. मी तक्रार केली नाही. शाळेच्या कार्यालयातली नोकरी सोडली आणि घराला शिस्त लावली. गोळ्यांची डबी वारांप्रमाणे भरलेली, आंघोळ-जेवण-फिरणं वेळच्या वेळी, न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी, फ्रीजवर दिवसभराच्या कामांची यादी. बरकतपुऱ्यातल्या आमच्या त्या घरात माईंचं एक औषध कधी चुकलं नाही. आणि त्या घरात माई सकाळपासून विचारायच्या, नंदा कुठं गेली. मी समोर असताना विचारायच्या. मी त्यांना वार सांगायची, गाव सांगायची, नंदा विजयवाड्याला असते हे सांगायची, मी कोण तेही सांगायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायच्या.

नंदा महिन्यातून एकदा यायची. येताना तिकडची ती तांदळाच्या पापुद्र्यांची मिठाई आणायची, आल्या आल्या माईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि उठायचीच नाही. त्यांची वेणी घाल, बांगड्या मोज, उगाच हस. माईंचा चेहरा उजळायचा. एकदा त्या तिच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती बाई फार कडक हाय गं. पण सैपाक बरा करती." नंदा खो खो हसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली.

जामबागेतल्या एका जुन्या शाळेत महिन्यातून एका शनिवारी अशा आजाऱ्यांच्या घरच्यांसाठी वर्ग भरायचा. एक डॉक्टरीणबाई शिकवायच्या. वाद घालू नका, पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊ नका, पटपट बोलू नका, त्यांच्या पायरीवर जाऊन बसा. मी सगळं लिहून घ्यायची. तिथंही माझं मन स्वच्छ नसे. एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची बायको सगळं विसरली, पण झोपताना त्यांचा हात मात्र शोधते. सगळ्यांचे डोळे पाणावले. मला मात्र त्यांचा हेवा वाटला आणि त्या दिवशीचा चहा न घेताच मी निघाले. डॉक्टरीणबाई दर वेळी आणखी एक गोष्ट सांगायच्या. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, वॉचमनला सांगा, वाण्याला सांगा, घरातल्या इतरांकडे मदत मागा. हे मी लिहून घेतलं, पण केलं नाही. आपलं घर आपण सांभाळतो, त्यात चार लोकांना काय सांगायचं. वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मीगारूंना मी सांगून ठेवलं होतं की माईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या बोलत नाहीत.

नवरात्रातला मंगळवार होता. हे कामावर गेले होते. मी नैवेद्याचं पुरण वाटत होते. कामवाली केर टाकायला खाली गेली, दार उघडं राहिलं, आणि मी हात धुऊन बाहेर आले तर पलंग रिकामा. मी चप्पल घातली आणि निघाले. देवळात पाहिलं, बागेत पाहिलं, काचीगुडा स्टेशनच्या दिशेनं भराभर चालत गेले आणि परत आले. रस्त्यात कितीतरी ओळखीचे चेहरे भेटले. एकालाही मी विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर इतके दिवस मी जे एकटीनं निभावलं ते उघडं पडेल. माणूस हरवलेलं असतानाही मनात असे हिशेब चालतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

घरी येऊन देवीपुढे उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, देव्हाऱ्यातली परडी जागेवर नव्हती. परडी म्हणजे जोगवा मागायची वेताची टोपली. नवरात्रातल्या मंगळवारी देवीच्या नावानं पाच घरी जोगवा मागायचा आणि मिळेल ते शिजवून खायचं, ही माईंच्या तुळजापूरकडच्या माहेरची रीत. शहरात ती कधीच मागे पडली होती. वार मी त्यांना रोजच सांगायची, पण आजचा त्यांच्या ध्यानात कसा राहिला, देव जाणे. पण त्या दारोदार गेल्या होत्या हे मला कळलं, आणि आता मलाही दारोदार जाणं भाग होतं.

पहिलं दार लक्ष्मीगारूंचं. मी घंटी वाजवली. कसंबसं म्हणाले की माईंना आठवत नाही, त्या कुठेतरी गेल्यात. लक्ष्मीगारूंनी माझा हात धरला. माई येऊन गेल्या होत्या, त्यांनी परडीत तांदूळ घातले होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "हमको मालूम था मेडम. आप नहीं बोले तो हम भी नहीं पूछे." समोरच्या घरातल्या आपांनी पीठ दिलं होतं. "अम्मा टोकरी सामने करे तो कैसा मना करती मैं," त्या म्हणाल्या आणि चौकापर्यंत माझ्याबरोबर आल्या. तिथल्या शिंप्याच्या घरून मूठभर डाळ मिळाली होती, त्यापुढच्या घरून गूळ. प्रत्येक दारात मी तेच सांगितलं, आणि प्रत्येक दारात ते सांगणं जरा सोपं झालं. कुणी हसलं नाही. प्रत्येकानं पुढचं दार दाखवलं.

पाचवं दार मागच्या गल्लीतल्या नव्या इमारतीत होतं. दार उघडंच होतं. आत सगळीकडे खोकी, वर्तमानपत्रांत गुंडाळलेली भांडी. त्या घरातल्या कुणाचंतरी कार्यालय तिकडे विजयवाड्याला हललं होतं आणि बिऱ्हाड बांधणं चाललं होतं. एका खोक्यावर माई बसल्या होत्या, मांडीवर परडी. शेजारी एक तेलुगू बाई जमिनीवर बसून पेले गुंडाळत होती, आणि माई तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणत होत्या, "नंदा, नीट गुंडाळ गं, फुटंल."

जिवात जीव येण्याआधी मला राग आला, हे मी लपवत नाही. इथंही नंदाच. मग त्या बाईनं मान वर न करता "आँ, अम्मा" म्हटलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. ही बाई नंदासारखी दिसत नव्हती, तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ती नुसती माईंजवळ बसली होती. नंदा हे माझ्या जावेचं नाव राहिलंच नव्हतं. जो कोणी आपलं काम सांभाळत का होईना पण जवळ टेकेल, त्याचं ते नाव झालं होतं. ज्या नावासाठी मी इतकी जळत होते, ते कधीही माझं होऊ शकलं असतं. मी फक्त बसत नव्हते.

मी दारातच उभी, घामाघूम. माईंनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. पण दारात उभ्या बाईला रिकामं पाठवायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या, परडीतले तांदूळ मुठीत घेतले आणि विचारलं, "कुण्या गावची गं माय?"

माझ्यातल्या यादीवालीनं नेहमीसारखं उत्तर तयार केलं होतं: मी तुमची मोठी सून, आज मंगळवार. ते ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. मी म्हणाले, "इथलीच आहे, माई." आणि पदर पसरला. माईंनी त्यात तांदूळ घातले, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आईसायब तुझं भलं करील."

त्या बाईला मी विचारलं, एवढ्या गडबडीत तुम्ही त्यांना कसं बसवून घेतलं. ती म्हणाली, "कोई पूछते आएंगे बोल के बिठा ली." कोणीतरी विचारत येईल. तिला ही खात्री होती, आणि मी तर विचारणारच नव्हते. पुढच्या आठवड्यात तिचे आभार मानायला गेले तर घराला कुलूप होतं. नावही विचारायचं राहून गेलं. ती कोण होती याचा मी फार विचार करत नाही. मला जिथं पोहोचायचं होतं, तिथं ती आधीच बसली होती, इतकं पुरे.

त्या दिवशी पाच घरचं शिजवून नैवेद्य दाखवला आणि नंदाला फोन केला. मला एकटीला जमत नाही, म्हणाले.  मग ती म्हणाली, "ताई, मी आले की तुम्ही मला कशालाच हात लावू देत नाही. मग मी माईंजवळ बसते." मग ये, आणि डबी तूच भर, मी म्हणाले. आता ती महिन्यातला एक आठवडा येते, गोळ्यांची डबी ती भरते, आणि तेवढा वेळ मी पलंगावर पाय वर घेऊन बसते. शनिवारच्या वर्गात नवीन कुटुंब आलं की डॉक्टरीणबाई मला बोलायला सांगतात. मी एकच सांगते: आधी शेजारचं दार वाजवा. ज्या दिवशी आपल्या हातून सगळं निसटलं असं वाटतं, त्या दिवशी पदर पसरायची लाज सोडली, तर देणारे हात आधीच तयार असतात. देवीनं मला हे शिकवलं. ते शिकायला मला पाच घरं लागली.

मी मागितलेलं तिनं मात्र अजून दिलेलं नाही. माईंनी माझं नाव घेतलेलं नाही, आणि आता घेतील असं वाटतही नाही. "नंदा" अशी हाक येते आणि मी "ओ" देते. नंदा आलेली असेल तर आम्ही दोघी एकदमच ओ देतो. माईंचं त्यात काही अडत नाही.