काट्यावरचं नाव

कृष्णात पाटलांइतका गलथान कारकून कारखान्यात दुसरा नाही, असं सगळेच म्हणत. इस्लामपूरजवळच्या त्या साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर बसायचे; सगळे त्यांना नाना म्हणत. संगणकाचा पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो. यांचा मात्र उसाच्या ट्रॅक्टरांच्या अख्ख्या रांगेला तोंडपाठ! नाना चहाला उठले की बदली कारकून खिडकीतून ओरडायचा, "नाना, काय टाकायचं?" नानांच्या आधी रांगेतूनच कुणीतरी हाळी द्यायचं, "संयोगिता!"

नाना मुद्दाम सावकाश चहा प्यायचे.

संयोगिता त्यांची लेक. नऊ वर्षांची असताना डेंग्यूनं गेली. तेव्हापासून त्यांच्या बायकोला, मंगलला, ते नाव कानावर पडलं की भोवळ यायची. म्हणून घरात ते कुणी घेईनासं झालं, फोटोही ट्रंकेच्या तळाशी गेला. काट्यावरच्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि नानांनीही सांगितलं नाही. कशाला सांगायचं? पोरीचं नाव दिवसभर कुणीतरी मोकळ्या गळ्यानं घेत होतं, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

यंदा उसाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यानं सगळ्या खात्यांतले पासवर्डच बंद केले. अंगठा लावायची यंत्रं आली. संगणक विभागाचे वीरधवल जुने पासवर्ड काढून टाकायला काट्यावर आले.

"नाना, तुमच्यासारख्यांमुळंच ही पाळी आली बघा," ते हसत म्हणाले.

"एवढ्या काट्यापुरतं जुनं ऱ्हाऊ द्या की."

"ते का?"

खरं कारण नानांच्या ओठांवर आलं होतं. "सवय हाय," एवढंच ते म्हणाले. वीरधवलनी बटण दाबलं. पोर दुसऱ्यांदा गेली, असंच नानांना वाटलं.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी नाना चहाला उठले आणि टपरीवर कान देऊन बसले. बदली कारकुनानं आपला अंगठा टेकवला आणि गुमान वजनं घेऊ लागला. कुणी काही विचारलं नाही, कुणी हाळी दिली नाही. चहा तसाच निवला.

संध्याकाळी मंगल भाकरी थापत होती. नाना उंबऱ्यातच थांबले. दिवसभर आवरून धरलेलं आता आवरेना. "संयोगिता!" त्यांनी हाक मारली.

मंगलचे हात परातीतच थांबले. ही आता कोसळणार, म्हणून नाना धावले. ती कोसळली नाही. तिनं वरही पाहिलं नाही.

"आवं," ती म्हणाली, "आनी एकदा म्हना की."