वरच्या काकांचं इंग्रज गाव

इंग्लंडात कधी पाऊलही न ठेवता राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं एक इंग्रज बाजारगाव सांभाळणारा मराठी माणूस साऱ्या जर्मनीत एकच असेल, आणि तो एर्लांगेनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. काका दिवसा इंजिनिअर. संध्याकाळी जेवण झालं की केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात उतरायचे. तिथे पुठ्ठ्यातून नि काडेपेटीच्या काड्यांतून त्यांनी ते गाव उभं केलं होतं: चर्च, बाजाराचा चौक, विकायला आणलेल्या मेंढ्या, लोहाराचा भाता. ‘अहो, आज एवढा उशीर?’ असं काकूंनी विचारलं, तर खाटकाचं छप्पर गळत होतं, असं उत्तर मिळायचं. मी एकदा कौतुकानं खेळण्यातली आगगाडी नेऊन दिली, ती त्यांनी नम्रपणे परत केली. म्हणाले, “आमच्याकडे अजून रेल्वे आलेली नाही. शेतकऱ्यांचा विरोध आहे.” एकदा इंग्लंड बघून तरी या, असं सुचवलं, तर म्हणाले, “तिथे जाऊन काय करू? ते गाव आता तिथे नाही.”

त्या गावातल्या प्रत्येकाची खबर ठेवणारे काका आमच्या इमारतीत मात्र स्वतःहून ‘हालो’च्या पुढे कुणाशी बोलले नव्हते; माझंही नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एका हिवाळ्यात केलरमधला पाण्याचा पाइप फुटला. काका चर्च छातीशी धरून पाण्यात उभे. हाक कुणाला मारणार, एकाचंही नाव ठाऊक नाही. शेवटी काकूंनीच सगळ्या घरांच्या बेल दाबल्या. केकच्या ट्रेंमधून आम्ही अख्खं गाव वर आणलं. चर्च आमच्या फ्रिजवर बसलं, चौक तळमजल्यावरच्या जर्मन आजींच्या पियानोवर, नि मेंढ्या शेजारच्या तुर्की कुटुंबाच्या खिडकीत.

पुढच्या रविवारपासून काका गावाची पाहणी करायला घरोघर येऊ लागले. मेंढ्यांची चौकशी करता करता माणसांची करू लागले. आजींचा गुडघा, तुर्की मुलीची परीक्षा, आमच्या घरातला ताप, सगळं त्यांना पाठ झालं. केलर कधीच वाळलं होतं, पण गाव परत न्यायची गोष्ट कुणी काढली नाही. त्यांनीही नाही.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे हांबुर्गला निघाले, तेव्हा आम्ही आपापला ऐवज घेऊन खाली जमलो. आजींनी चौक खोक्यात ठेवला नि हळूच विचारलं, “आता रविवारी कोण येणार?” काकांनी चौक उचलून परत आजींच्या हातात दिला. चर्चच्या दारातले बोटभर उंचीचे पाद्रीबुवा तेवढे अलगद सोडवून खिशात घातले.

“यांची बदली झाली,” ते म्हणाले.

आता आमच्या फ्रिजवरच्या चर्चच्या दारात डिंकाचा एक ठिपका उरलाय. रविवारी आजी कॉफी करतात, आणि आम्ही सगळे जातो.