दारासमोरची खुर्ची

माझा मुलगा निमलष्करी दलात होता. जंगलात गस्तीवर असताना सुरुंग फुटला आणि त्याच्या डाव्या अंगात लोखंडी छर्रे घुसले. डॉक्टरांनी काही काढले. काही हात लावण्यासारख्या जागी नव्हते, ते तसेच ठेवले. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. आता तो चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्याचं गोदाम सांभाळतो.

सुरुंग म्हटलं की मला वाटायचं, जमिनीत पुरतात आणि पाय पडला की फुटतो. त्याने सांगितलं, हा तसला नव्हता. जेवणाच्या डब्याएवढा, जरा बाक दिलेला, झाडाच्या बुंध्याला बांधलेला. त्याला तोंड असतं. कोणीतरी लांब लपून वाट बघत बसतो आणि माणसं समोर आली की कळ दाबतो. छर्रे सगळीकडे उडत नाहीत, तोंडाच्या बाजूलाच पसरत जातात. पुढे चालणारे दोघे जागीच गेले. हा कडेला होता म्हणून वाचला. मी चौथीपर्यंत शिकले. असलं बनवणारे कितवीपर्यंत शिकतात ठाऊक नाही. पण माणूस कुठे येऊन उभा राहील, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, एवढं मला कळलं.

घरी आल्यापासून तो दारासमोर बसत नाही. एकदा मी म्हटलं, "घाबरतोस काय रे?"

"घाबरत नाही गं. खोलीत शिरलो की आधी दिसतं, मी असतो तर सुरुंग कुठे लावला असता. मग त्याच्यासमोर बसवत नाही."

त्याच्या लग्नाचं कुठे जमत नव्हतं. माझ्या भावाने दहिसरचं स्थळ आणलं, आमच्याच मालवणकडचं. रिक्षात मला म्हणतो, "ताई, अपघात झाला एवढंच बोल. ते छर्रेबिर्रे काढू नकोस."

"डॉक्टरला निघाले नाहीत, मी कुठून काढू?" मी म्हटलं.

चाळीतली एकच खोली. अशा वेळी नवऱ्या मुलाला दारासमोरच्या खुर्चीवर बसवतात, म्हणजे शेजारणींनाही जाता येता बघून घेता येतं. गॅलरीत बायका जमल्याच होत्या. मुलगा खुर्चीवर बसला. मग उठला आणि दारामागे, जिथे सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, तिथे मांडी घालून बसला.

मुलीची आत्या म्हणाली, "नवरो चपलांकडे कित्याक बसलो?"

बाहेर हशा झाला. भाऊ म्हणाला, "साधा आहे हो आमचा मुलगा."

साधा नाही, मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. सुरुंग कसा असतो, कोण मेलं, याच्या अंगात काय राहिलंय, खोलीत शिरला की याला आधी काय दिसतं. मुलीच्या बापाने पोह्यांची बशी खाली ठेवली. भाऊ माझ्याकडे बघेना.

मुलगी ट्रे घेऊन उभीच होती. तिने सरळ त्याला विचारलं, "दुखतं?"

"थंडीत."

"मूल उचलता येईल?"

"गो, काय विचारतंस?" आत्या म्हणाली.

"उजव्या हाताने येईल," मुलगा म्हणाला.

बाप म्हणाला, "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्याला दोष दिला नाही. माझी मुलगी असती तर मीही तेच म्हटलं असतं. येताना मुलगा रिक्षात म्हणाला, "आता पुरे आई. पुन्हा कुठे नेऊ नकोस." मी बरं म्हटलं.

मग एका रविवारी ती मुलगीच आली, आत्याला घेऊन. बापाला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मुलगा कपाटाच्या कडेला बसला होता. ती आत आली, चारी बाजूंनी खोली बघितली आणि त्याला म्हणाली, "इथे कुठे लावला असता?"

आत्याला काही कळलं नाही. मला कळलं. मग त्याने फ्रिजच्या वरची जागा दाखवली.

ती फ्रिजपाशी गेली, वळली, तिथून दाराकडे बघत उभी राहिली. "हो. आम्ही दोघीही गेलो असतो," ती म्हणाली.

"आत्या पहिली," तो म्हणाला.

"मेल्या!" आत्या म्हणाली. मुलगी हसली, तोही हसला. मी चहा टाकायला उठले.

बाप तीन महिने अडून बसला, मग तयार झाला. छर्रे अजून आत आहेत. फ्रिज आम्ही हलवला नाही, दुसरीकडे जागा नाही.