निळ्या झबल्यातला संगणक

आमचे हेडसर कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारत. खुर्चीवर, खडूच्या पेटीवर, पृथ्वीच्या गोलावर, शाळेच्या शिक्क्यावर. डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. दहावीची मुलं त्यांची नक्कल करत आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा भर प्रार्थनेत ते म्हणाले होते, "नक्कल करा, पण फुंकर कोरडी मारा. थुंकी उडवू नका."

मी त्यांच्या शाळेत लागले तेव्हा नवं शतक सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. पोलादपूरहून कुडपणच्या बाजूला चढत जाणाऱ्या रस्त्यावरची ती शाळा. माझे वडील कशेडी घाटात दरड उपसणाऱ्या गँगवर होते. घरातच काय, आमच्या अख्ख्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि पहिल्या दिवशी तो मिरवतच मी शाळेत शिरले. महाडच्या कॉलेजातली बी.एस्सी., मग बी.एड., वर संगणकाचा कोर्स. सरांनी माझी प्रमाणपत्रं फुंकर मारून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे संगणक आहे. संगणक येणारं माणूस तेवढं नव्हतं."

संगणक होता, पण तो दिसत नव्हता. ऑफिसमागच्या खोलीत टेबलावर तो निळ्या कापडाच्या कव्हरात बसलेला असे. कव्हर सरांच्या पत्नीने शिवलं होतं, खाली झालर लावून. मुलं त्याला झबलं म्हणत. चपला बाहेर काढायच्या, दारात उभं राहायचं. शनिवारी वीज असलीच, तर सर झबलं उतरवत, फुंकर मारत आणि बटण दाबत. पडदा उजळला की मुलांकडे वळून म्हणत, "बघितलंत? हा संगणक." मग बंद करून पुन्हा झबलं. पुढच्या शनिवारी पुढचा वर्ग.

मला हसू आलं होतं. पण त्यामागची गोष्ट त्यांच्याच तोंडून कळल्यावर हसू गेलं. नव्वदच्या आसपास गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेला टीव्ही दिला होता. टॅक्सी चालवणारी, हॉटेलात राबणारी, गोदीत ओझी उचलणारी माणसं ती. पहिल्याच पावसाळ्यात कौलं सरकली, पाणी आत गेलं आणि टीव्ही संपला. गणपतीला मंडळी आली, टीव्हीकडे बघितलं आणि निघून गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी शाळेला काही दिलं नाही. सर स्वतः मुंबईला जाऊन, खोल्याखोल्यांतून फिरून, शब्द देऊन हा संगणक घेऊन आले होते. "एक ओरखडा येऊ देणार नाही, असं बोललोय मी," ते म्हणाले. "वस्तू देणाऱ्याचं नाव वस्तूवर नसतं, मॅडम. ते आपल्या वागण्यावर असतं."

मग मी फळ्यावर की-बोर्ड काढून शिकवायला लागले. सरांना ते फार आवडलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांनी स्वतः पट्टीने चौकोन आखले, सुरेख अक्षरात ए, बी, सी लिहिलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येकाला एकेक की-बोर्ड करून दिला. मुलं त्यावर बोटं आपटत आपापली नावं लिहीत. सर बाकांमधून फिरत. "अगं सुनंदा, हळू दाब. केवढ्या जोराने."

"पुठ्ठा हाय ओ, सर," सुनंदा म्हणाली. ती दहावीत होती, काशिराम टॅक्सीवाल्याची मुलगी.

"असू दे. सवय लागते."

मी तोंडाने फटकळ. एक दिवस ऑफिसात जाऊन म्हटलं, "सर, काठावर बसून पोहणं येत नाही. ही दहावीची मुलं मार्चनंतर मुंबई-पुण्याला जातील. तिथे कुणी पुठ्ठा देणार नाही."

"आणि बुडालं काही, तर?"

"तर काढू वर."

"तुम्ही काढाल. मंडळापुढे उभं मला राहायचंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाऊस संपू दे. दिवाळीनंतर दहावीला संगणकावर बसवू. माझा शब्द."

हा शब्दही त्यांनी मनापासूनच दिला होता. मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात केवढा गलका झाला. कुणी आधी बसायचं यावरून भांडणं लागली, ती सरांनीच सोडवली. मला त्यांनी गटही पाडायला लावले.

आमच्याकडचा पाऊस मी काय सांगू. भिंतीला हात लावला की हाताला ओल येते, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. सरांनी संगणकावर आधी प्लास्टिक गुंडाळलं, त्यावर झबलं, त्यावर घोंगडी, आणि खोलीला कुलूप घातलं. शनिवारचं दर्शनही बंद केलं. मी म्हटलं, "सर, अधूनमधून चालू करू या." ते म्हणाले, "विजेचा भरवसा नाही. उगाच काही व्हायला नको." रोज येता-जाता ते कुलूप ओढून बघत.

दिवाळीनंतर आम्ही खोली उघडली. दहावीची मुलं चपला काढून दारात तयार होती. सरांनी घोंगडी काढली, झबलं काढलं. प्लास्टिक सोडवलं तेव्हा आतून कोंदट वास आला. पडद्यावर पांढरी बुरशी होती. सरांनी फुंकर मारली, रुमालाने पुसलं आणि बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला.

महाडहून संगणक दुरुस्त करणारा इम्तियाज आला. त्याने डबा उघडला, आतल्या गंजक्या पट्ट्या बघितल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, रोज चालवला असता तर आत ऊब राहिली असती. गुंडाळल्यामुळे ओल आतच कोंडली." सरांनी त्याला चहा पाजला, एसटीपर्यंत पोचवलं. परत येऊन ते दहावीच्या वर्गात गेले, टेबलापाशी उभे राहिले आणि भूमिती शिकवायला लागले.

शिमग्याला मंडळी गावात आली. मी म्हटलं, सर, ओलीने गेला असं मी सांगते. ते म्हणाले, "शब्द मी दिला होता." काशिराम आणि आणखी दोघं ऑफिसात बसले होते. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. "मुलांनी बिघडवलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "एकाही मुलाचा हात त्याला लागलेला नाही."

काशिरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "सर, रागावू नका. मी लेकीला इच्यारला, कॉम्पुटर कसा असतो गो? ती म्हणं, बाबा, निळा झबला घालून बसलेला असतो." बाकीचे दोघं हसले. काशिराम हसला नाही. "मोडला असता तरी चालला असता, सर. आमी तो पोरांच्या हातानं मोडायलाच दिलता."

सर फुंकर न मारताच खुर्चीत बसले. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या वर्षीची दहावी संगणकाला हात न लावता गेली. सरही त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात एरवी त्यांनी तासभर घेतला असता. त्या दिवशी एवढंच म्हणाले की मुलांनी मला पुष्कळ दिलं, मी त्यांना द्यायचं काही ठेवून घेतलं.

पुढे शाळेला सरकारकडून संगणक आले आणि ते माझ्या ताब्यात आहेत. नवीन मूल आलं की मी त्याला आधी खुर्चीवर बसवते, हवी ती बटणं दाबू देते, शिकवणं नंतर. काहीतरी बिघडतंच. सर महाडला मुलाकडे राहत. भेटायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "या महिन्यात काय मोडलं?" मी सांगे, माऊस गेला, की-बोर्डाची बटणं निघाली. ते मान डोलावत आणि चहाला हाक मारत.

शेवटची भेट त्यांच्या आजारपणातली. त्यांनी मोडतोडीचं विचारलं नाही. म्हणाले, "सुनंदा काय करते?"

"ठाण्याला आहे, सर. दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते."

"कुणी शिकवलं?"

"दुकानाच्या मालकाने."

त्यांनी छताकडे बघितलं. "पहिल्यांदा हात लावायला घाबरली असेल."

नाही म्हणावंसं वाटलं. पण सुनंदानेच मला सांगितलं होतं, आणि सरांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"हो, सर," मी म्हटलं. "मालकाला तिचा हात धरून बटणावर ठेवावा लागला."

सरांनी डोळे मिटले. "ते माझं काम होतं," ते म्हणाले.