कुंपणाबाहेरची बाई

ओल्या लोकरीचा आणि गवती चहाचा वास एकत्र आला की मला आधी राग येतो आणि मागोमाग त्या रागाची लाज. हा वास सिस्टर उनांच्या दाराचा. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात आमच्यापासून चार घरं सोडून राहणाऱ्या या आयरिश ननने आयुष्याची अडतीस वर्षं थायलंडच्या उत्तरेकडच्या एका गावात मिशनची शाळा चालवण्यात घालवली. परतताना त्यांनी फारसं सामान आणलं नाही. बूट दाराशी काढून अनवाणी घरात शिरायची सवय तेवढी आणली, आणि खिडकीतल्या कुंडीत, इथल्या आजारी उन्हावर, गवती चहा जगवून दाखवला. माझा दोनदा मेला आहे.

मी हृदयात बसवायच्या नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात काम करते. दिवसभर हातात मोजे, तोंडावर मास्क, कशालाही उघड्या हाताने शिवायचं नाही. ईराची शाळा दुपारीच सुटते, म्हणून गेली दोन वर्षं ती संध्याकाळपर्यंत सिस्टरांकडे असते. माझी ही आठ वर्षांची लेक मराठी सगळी समजते आणि एक शब्द बोलत नाही. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, “आय'म ग्रँड, मॅम,” (मी मजेत आहे; इथली पोरं आईला मॅम म्हणतात) आणि बूट दोन दिशांना भिरकावलेले.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी, बॉइन नदीवरून येणारा वारा झाडांची उरलीसुरली पिवळी पानं ओरबाडत असताना, मी जरा लवकर सुटले. सिस्टरांचं दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्याशी ईरा आपले बूट जोडीने, टाचेला टाच लावून, निघताना सहज पाय घालता येतील असे ठेवत होती. मग ती उठली, हात जोडले, अंगठे नाकाच्या शेंड्याला टेकवले आणि सिस्टरांपुढे सावकाश, मनापासून वाकली. फोनवर आजीला “हाय” म्हणून पळून जाणारी माझी मुलगी! जो नमस्कार शिकवता शिकवता मी हात टेकले, तो बौद्ध मुलांकडून एका ख्रिस्ती ननने उचलला होता आणि माझ्याच मुलीच्या हाती परत दिला होता. खरं तर हसायला हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी मी शाळेनंतरच्या पाळणाघराचा फॉर्म भरला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी हे सांगायलाच गेले. सिस्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी तोंड उघडायच्या आत चहा ओतला, आणि आपल्या मऊ, थांबत थांबत येणाऱ्या इंग्रजीत बोलू लागल्या. विशीत असताना त्या ख्रिस्ताला त्या मुलांपर्यंत न्यायला निघाल्या होत्या. बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकीच्यांनी पाढे घेतले, इंग्रजी घेतलं, स्तोत्रं गोड गळ्याने म्हटली, आणि दुसऱ्या पहाटे भाताची भांडी घेऊन भिक्षूंपुढे गुडघे टेकले. “त्या भिक्षूंचा मला किती हेवा वाटायचा, सांगू नये इतका,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुढे मुलं शहाणी असायची. त्यांच्यापुढे ती आपली असायची.”

मग त्यांनी त्या बाईचं सांगितलं. एका विद्यार्थिनीची आई रोज शाळा सुटण्याआधी तासभर येऊन कुंपणाबाहेर चिंचेखाली उभी राहायची. आतून मुलीचं स्तोत्र ऐकू यायचं. मुलगी सिस्टरांना वाकून नमस्कार करायची तेव्हा बाई दुसरीकडे बघायची.

“मला वाटायचं, लाजाळू आहे बिचारी. काल माझ्या दारात तुझा चेहरा दिसला, तेव्हा कळलं.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी तिला एकदाही आत बोलावलं नाही.”

म्हणजे काल मी दारात थबकले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. खिशातला फॉर्म माझ्या मुठीत चुरगळला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “काय नाव होतं तिचं?”

मुलीचं नाव त्यांना लगेच आठवलं, तिचं अक्षर, तिची गणितातली नेहमीची चूकसुद्धा. आईचं आठवेना. त्या कपाकडे बघत राहिल्या, आणि मला दिसलं की आठवत नाही असं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी, शाळेसाठी, सगळ्या गल्लीसाठी “ईराज मॅम” होते.

“आणि तुझं गं?” त्यांनी विचारलं.

“वैजयंती,” मी म्हटलं. त्यांनी दोनदा चुकीचं म्हटलं. मी दोन्ही वेळा सुधारलं. आतल्या खोलीतून ईरा ते ऐकत होती. तिसऱ्यांदा, सिस्टरांच्या आधी, तीच म्हणाली, स्वच्छ मराठीत, “वैजयंती.”

फॉर्म अजून कोटाच्या खिशातच आहे.