रॅटलस्नेकच्या दाराशी

माझ्या घरमालकांच्या तळघरात रॅटलस्नेक आहेत, हे मला खोली घेतल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी घेतलीच असती म्हणा. हॉटेलात तंदूरपाशी उभ्या राहणाऱ्या, जर्मन धड न येणाऱ्या माणसाला स्टुटगार्टात कोण खोली देतो? शहराच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या या आजोबांनी दिली. "जिन्यात बूट काढायचे, रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही," एवढं बोलून किल्ली हातात ठेवली. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो.

मी मुळात घाबरट. शाळा नववीत सोडली तीही गणिताच्या मास्तरांना भिऊन. आमचं गाव चिपळूणच्या बाजूला. जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, हात घालायचा नाही, आत विषारी फुरसं असतं, हे आम्हाला नीट चालायला यायच्या आधी शिकवतात. तिन्हीसांजेला तर सापाला साप म्हणतच नाहीत, जनावर म्हणतात. आणि इथे माझ्या पलंगाच्या बरोबर खाली ती जनावरं!

आजोबा मोटारींच्या कारखान्यात होते. भर उन्हात गाड्या कशा चालतात ते बघायला कंपनी त्यांना अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात पाठवायची. सुट्टीच्या सकाळी बाकीचे झोपलेले असत, आणि हे हातात लहानसा आरसा घेऊन डोंगरात. खडकाच्या भेगेशी आडवं व्हायचं, आरशावर ऊन घ्यायचं आणि तो कवडसा भेगेत आतपर्यंत सोडायचा. "बहुतेक वेळा आत नुसती धूळ," ते म्हणतात. "पण एखाद्या सकाळी ती धूळ श्वास घेते." अशाच एका भेगेत त्यांना आमची म्हातारी रॅटलस्नेक सापडली. तेव्हा ती तरणीताठी होती. रीतसर परवानगी काढून त्यांनी ती इथे आणली. तळघरातली बाकीची सगळी तिची पिल्लं. हा साप अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

म्हातारीचा रंग भाजलेल्या बाजरीच्या भाकरीसारखा, पाठीवर चौकटी. तिने शेपटी हलवली की आवाज येतो, तो खुळखुळ्यासारखा मुळीच नाही. गरम तेलात मोहरी पडावी आणि ती थांबूच नये, तसा. फुरसंही अंगाला अंग घासून असंच काहीसं सांगतं, पण आमच्याकडे ते ऐकून घ्यायला कोण थांबतो? काठीच आणतात. आजोबा ऐकतात. "ती धमकी देत नाही रे," ते म्हणतात. "ती सभ्य आहे. आधी सांगते."

तळघराचा एक नियम आहे. काचेची पेटी एकट्याने उघडायची नाही. दुसरं माणूस दाराशी हवं. इतकी वर्षं ते माणूस म्हणजे त्यांची बायको. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. मुलगी लांबून दर आठवड्याला यायची, तिलाही जमेना. मग सरकारी पशुवैद्य बाईंचं पत्र आलं: बघायला येतेय, कायमचं दुसरं माणूस नसेल तर साप इथून हलवावे लागतील.

"म्हातारीला या वयात कोण घेणार?" आजोबा म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"गेनाऊ, बरोबर! मला भिणाराच हवाय. न भिणारा माझा एक दोस्त आता नऊ बोटांनी बिअर पितो."

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, शाळा सोडून कोंबड्या राखल्यास, आता जनावरं राख." मग पुढे, "त्या बाबाने तुला डोक्यावर छप्पर दिलंय ना? उभा राहा मग."

काम सोपं होतं. आजोबा "आउफ?" म्हणजे "उघडू?" विचारणार. मी दाराशी तयार असेन तर "आउफ!" म्हणायचं, मगच ते पेटी उघडणार. कुलूप बसलं की आजोबा "त्सू!" म्हणजे "बंद!" म्हणणार. मधल्या वेळात मी फक्त बघायचं. फोन खिशात, दार पाठीशी बंद, पायात गुडघ्यापर्यंतचे जाड बूट.

बाई आल्या त्या दिवशी मी दाराशी उभा राहिलो. "आउफ?" "आउफ!" आजोबांनी लांब दांड्याच्या आकड्यावर म्हातारीला अलगद उचललं. ती हवेत तोलून राहिली, आणि तिचं ते रूप बघताना माझे हात जोडले गेले. बाईंची नजर माझ्या पायांकडे गेली.

"पेटी बंद करा," त्या म्हणाल्या. "दुसरं माणूस मोज्यांवर?"

मी खाली पाहिलं. बूट दाराशी शेजारी शेजारी नीट लावलेले. नागपंचमीला वारुळापुढे जाताना चपला काढतात, तसे पायांनी परस्परच काढले होते. आजोबांनी म्हातारीला पेटीत सोडून कुलूप लावलं. आकडा भिंतीला टेकवला, आणि मला वाटलं, गेलं सगळं माझ्यापायी.

मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं: आमच्याकडे साप म्हणजे देव, याच्यासमोर पायात काही घालत नाहीत.

"आणि ती निसटली असती तर? दार की देव?"

"आधी दार बघायचं. मग नमस्कार," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "बूट घाला. पहिल्यापासून."

"आउफ?" "आउफ!" म्हातारी पुन्हा आकड्यावर. तिची मोहरी तडतडायला लागली. तेवढ्यात बाईंनी अगदी सहज विचारलं, "तुम्ही कुठले?"

गावात जनावर निघालं की पकडणारा येईपर्यंत एकाला तिथे उभं करतात. त्याने नजर काढायची नाही. नजर हलली की जनावर गेलं, आणि मग त्या घरात कुणाला झोप नाही. लहानपणी नेहमी मलाच उभं करायचे; भित्र्याची नजर हलत नाही म्हणून.

"त्सू झाल्यावर सांगतो, बाई," मी म्हातारीकडे बघतच म्हणालो.

कुलूप बसलं. "त्सू!"

"आल्झो," बाई म्हणाल्या, "आता सांगा." मी गाव सांगितलं, जांभा सांगितला, फुरसं सांगितलं. फुरशाबद्दल त्यांनी बरंच विचारलं. मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "राहू देत इथेच. पण याच्या पायांवर लक्ष ठेवा."

आजोबांनी काचेवर बोट टेकवलं, आतल्या म्हातारीशी काहीतरी पुटपुटले. आम्ही वर आलो. मी आनंदाने तसाच जिना चढून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो, तर मागून आजोबा ओरडले,

"बूट! इथे काढायचे असतात, इथे!"